घोटीच्या बाजूची खिडकी

घोटीतल्या शेताच्या बांधावरून भांडून कैक वर्षं अबोला धरलेल्या गोटीराम आणि निवृत्ती या भावांना भाचीनं बारशाला बोलावलं, मुंबई-नागपूर विमानाची तिकिटंही पाठवली. काउंटरवर थोरला गोटीराम अडूनच बसला, "घोटी दिसंल त्याच बाजूची खिडकी द्या. बांध कुणी कोरलाय, ते वरून लख्ख कळंल." खिडकी त्याला मिळाली, शेजारची जागा निवृत्तीला. दोन खुर्च्यांमधल्या दांडीवर दोघांची कोपरं भिडली. मागं कुणीच घेईना. विमानानं घाट ओलांडला, खाली धरणाचं पाणी चमकलं. गोटीरामानं काचेला नाक लावलं. शिवार सापडलं, पण भाताची खाचरं अशी एकसलग हिरवी, की आपलं कुठलं, त्याचं कुठलं, काही कळेना. बांधाची रेघसुद्धा नव्हती. "दिसतो का बांध, दादा?" इतक्या वर्षांनी निवृत्तीनं तोंड उघडलं आणि तोही मान लांबवून डोकावू लागला. गोटीरामानं खिडकीची झडप खाडकन ओढली. "दिसला. तूच कोरलाय!"