जगनची वकिली

‘गोड बोलणं म्हणजे प्रेम नव्हे, शिवानीताई,’ उत्तमरावांनी एका बोटाने टाइप केलं आणि रागारागात पाठवून दिलं. टिटवाळ्याच्या या शिवानीने आज जगनला पाणी घातलेली आमटी म्हटलं होतं. तिच्या शेऱ्याला दोनशे लाइक. यांच्या उत्तराला एकही नाही.

जगन हे कलावतीबाईंच्या कादंबरीतलं पात्र. कलावतीबाई म्हणजे उत्तमरावांची बायको; ती मोबाइलवरच्या एका ॲपवर दर गुरुवारी एक भाग टाकायची. तिच्या नायिकेला, नयनला, दोघांनी मागणी घातली होती. सर्वेश बोलका, हसवणारा, ठरल्या वेळेला कधी न येणारा. जगन प्रेमाचं अवाक्षरही न काढता तिच्या घरचा गळका नळ दुरुस्त करून जाणारा. वाचकांना सर्वेश हवा होता. जगनला हाकला म्हणून सगळे हात धुऊन मागे लागले होते.

उत्तमरावांना ते फार झोंबायचं. जगन म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. ठाकुर्लीच्या या घरातले सगळे नळ तेच दुरुस्त करत. उद्या कलावतीने लोकांचं ऐकून नयनला सर्वेशच्या गळ्यात माळ घालायला लावली, तर पस्तीस वर्षांच्या संसाराबद्दल तिचं मत काय, ते उघडच झालं असतं. तिला सरळ विचारायची हिंमत नव्हती. म्हणून ‘ऋतिका’ असं नाव घेऊन ते चार महिने एकटे भांडत होते. सर्वेश लग्नानंतर ताटावरून उठून पेपर घेऊन बसेल, सासरच्या कार्याला हमखास उशिरा पोचेल, बायकोचा वाढदिवस विसरून वर तिलाच हसेल, असं त्यांनी सविस्तर लिहिलं. पण ऐकतंय कोण? ते पार वैतागून गेले होते.

संध्याकाळी चहा देताना कलावतीबाईंनी शेवटचा भाग लिहून झाल्याचं सांगितलं. नयन जगनला हो म्हणते.

“खरं तर मी सर्वेशच ठरवलेला,” त्या म्हणाल्या. “पण ऋतिका म्हणून एक वाचक आहे. तिचं एकेक वाचत गेले, आणि पटलंच मला.”

उत्तमरावांचा जीव भांड्यात पडला. ते चक्क लाजले.

“मला ठाऊक होतं. माझ्यावर बेतलेल्या माणसाला तू असं सोडणार नाहीस.”

“तुमच्यावर?” कलावतीबाई बघतच राहिल्या. “अहो, तुम्हाला नळ दुरुस्त करायला मी शिकवलं, तेही लग्नानंतर. जगन म्हणजे आमच्या कळव्याचा साईनाथ. त्याला मी नाही म्हटलेलं. तुम्ही सर्वेश.”