भांडणाची शिक्षा

दुसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या जागेवरून भावेश आणि वीटभट्टीवरची बुधी यांची जोरदार मारामारी झाली. मनिषाबाईंची शिक्षा ठरलेली होती. भांडणाऱ्यांनी आठवडाभर एकाच डब्यातून जेवायचं. तिसऱ्याच दिवशी भावेश तांदळाच्या भाकरीचा मोठा तुकडा बुधीला द्यायला लागला.

मग भावेशची आई शाळेत आली. "बाई, दुसरी कायपन शिक्षा करा. आमचा पोर भट्टीवरच्या पोरीसंगती एका डब्यात जेवनार नाय." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बाईंनी दोघांना जेवायला वेगळं बसवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघं पुन्हा एकमेकांचे केस ओढत होती. बाई धावत गेल्या.



"बाई, आमी जाम भांडलो," भावेश हसू दाबत म्हणाला. "आता तीच शिक्षा द्या ना."