सत्त्याऐंशी नंबरचा दिवा

पान एकशे बेचाळीसवर टेकूवाल्याचं बोट अडलं. तिथे तो स्वतःच होता, पण नावानं नव्हे, नंबरानं.

कामगारांचं वाचनालय माणसांनी भरलं होतं. समोर टेबलावर खाणीवरच्या नव्या पुस्तकाची चळत, चळतीमागे लेखक, म्हणजे सगळ्यांचा लॅम्पबाबू. उभा जन्म खाणीच्या तोंडाशी बसून त्यानं आत जाणाऱ्याला दिवा दिला, बाहेर येणाऱ्याकडून परत घेतला आणि दर वेळी वहीत नंबर टिपला. त्याच्या शेजारी, लेखकाच्या बरोबरीच्या खुर्चीत, टेकूवाल्याचा साडू. कोळशात सुरुंग लावण्यात हयात गेलेला, म्हणून सुरुंगवाला. लॅम्पबाबूची सही झाली की लोक पुस्तक त्याच्यापुढे सरकवत होते आणि तोही खाली सही ठोकत होता. पहिल्या रांगेत त्याची बायको, टेकूवाल्याची थोरली मेहुणी, अशी बसली होती की जणू खाणीचं छत तिनंच डोक्यावर धरलं होतं.

टेकूवाल्यानं सकाळीच पुस्तक चाळून मोजदाद केली होती. साडू सोळा वेळा. साडूच्या मिशा त्यात धरलेल्या नाहीत, त्या वेगळ्या दोनदा. कॅन्टीनच्या मांजराला अर्धं पान. आणि ज्यानं सदतीस वर्षं छताखाली लाकडी टेकू ठोकले, ज्याच्या भरवशावर हे सगळे शूर मान वर न करता कोळसा काढत राहिले, तो एकदा. तोही असा :

'छत कोसळलं त्या दिवशी सगळ्यात आधी सत्त्याऐंशी नंबरचा दिवा परत आला. तो कोणाचा हे लिहून त्या घराला खाली मान घालायला लावणार नाही. सगळ्यात शेवटी आला एकशे बारा. बेशुद्ध पंपवाल्याला पाठीवर घेऊन. तो दिवा आमच्या सुरुंगवाल्याचा.'

लिहिणार नाही म्हणे! वसाहतीत कोणाचा दिवा कितवा, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

बायकोनंही शेजारून तेच पान वाचलं होतं. ही गोष्ट तिच्या लग्नाआधीची. तिला ठाऊक नव्हती.

"सत्त्याऐंशी म्हणजे तुम्हीच ना?"

"दिवे बदलले होते गं आम्ही."

"बरं आठवलं. पुस्तक छापून झाल्यावर?"

"दिवा बदलला तर नोकरी जायची. तेव्हा कशाला बोलतोय मी?"

तिनं पुढच्या रांगेतल्या बहिणीकडे पाहिलं आणि मग पुस्तक मिटलं. ते मिटणं टेकूवाल्याला छत बसल्यासारखं ऐकू आलं. तो उठून उभा राहिला.

"बाबू, तुमचे नंबर बरोबर आहेत. माणसं चुकलीत."

लॅम्पबाबूनं चष्मा वर केला. "वहीत लिहिलंय ते लिहिलंय. मी स्वतः घेतलेत दोन्ही दिवे."

"दिवे घेतलेत. लॅम्परूमच्या खिडकीतून तुम्हाला माणूस कधी दिसला? दिसायचा तो हात, आणि तोही कोळशानं काळा."

"मग त्या पाळीतलं कोणी बोलवा साक्षीला."

त्या पाळीतले आता दोघंच उरले होते. एक उभा होता. दुसरा सह्या करत होता.

"साडूच तो, जळणारच!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी खोली हसली. बायकोची मान आणखी खाली गेली.

सुरुंगवाल्याचं पेन थांबलं. टेकूवाला त्याच्याकडे पाहत होता. हा माणूस आता मिशीवरून हात फिरवणार आणि गालात हसणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. पण साडू खुर्चीतून उठला. हात टेबलाला टेकून उठला.

"तो खरं बोलतोय," तो म्हणाला. "माझा दिवा विझत आला होता. यानं आपला सोडून माझ्या कमरेला बांधला, माझा स्वतःकडे घेतला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी पंपवाल्याला बघतो. मी झालो पुढे. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पळालो तो मी."



मग मागच्या रांगेत एक टाळी पडली. "याला म्हणतात मन!"

"साडूची लाज राखायला डाग स्वतःवर घेतला हो!"

"अहो, मी खरंच सांगतोय..." सुरुंगवाला म्हणत होता, पण ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मेहुणी डोळ्यांना पदर लावत होती. लॅम्पबाबू चष्मा काढून पुसत होता. "दुसऱ्या आवृत्तीत हे वेगळं प्रकरण करतो," तो म्हणाला आणि लगेच त्यानं ते वहीत टिपून घेतलं.

टेकूवाल्यानं बाजूला पाहिलं. त्याची बायकोही उठली होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. "असं असावं माणसानं," ती त्याला म्हणाली. समजावल्यासारखी, रागावूनसुद्धा नाही.

गर्दीतून वाट काढत सुरुंगवाला त्याच्यापाशी आला. त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. खोटं असतं तर टेकूवाल्याला बरं वाटलं असतं.

"मी सांगितलं ना रे सगळं? तूच ऐकलंस ना?"

"सांगितलंत, साडूबुवा," टेकूवाला म्हणाला. "तेही तुमच्याच नावावर लागलं."