चौपट वेग

मीनाचा तिसरा मेमो टाइप होऊन रविराजशेठच्या टेबलावर पडला होता. सही तेवढी बाकी होती. तिसरा मेमो म्हणजे सरळ घरी, हा अंबडच्या त्या कारखान्यातला नियम सगळ्यांना पाठ होता.

“बघ, डोळ्यांनी बघ,” केबिनच्या काचेतून शेठनी निकिताला खाली बोट दाखवलं. “ट्रक दारात उभा, माल पॅक, आणि बाई बसल्यात हातावर हात ठेवून. रोज चार वाजले की हेच.”

मीना खरोखरच बसली होती. तिच्यासमोरचा लेबलांचा प्रिंटर गप्प होता, आणि लेबल लागल्याशिवाय खोकं ट्रकमध्ये चढत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता.

निकिताच्या डोक्यात तिडीक उठली. कारखान्याचे कॉम्प्युटर ती सांभाळायची आणि दोन महिने एकच गोष्ट सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. सर्व्हरमध्ये चार डिस्क. विकणाऱ्याने त्या एकत्र बांधून दिलेल्या. प्रत्येक फाइलचे तुकडे करायचे, चारही डिस्कवर वाटून टाकायचे, की वेग चौपट. खोटं नव्हतं ते. पण मालाच्या नोंदी त्याच चारांवर, लेबलं त्याच चारांवर आणि सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच चारांवर. एकाने जोर लावला की बाकीचे ताटकळलेच. आणि जोर लावायचे कोण, तर खुद्द शेठ. रोज चारला, चहाचा कप हातात घेऊन, दिवसभराचं रेकॉर्डिंग भिंतीवरच्या पडद्यावर सोळाच्या सोळा चौकटींत पळवत बघायचे. कोण कामचुकारपणा करतो ते शोधायला!

“सर, चारही शेगड्यांवर मिळून आपण एकच मोठं पातेलं चढवलंय,” ती म्हणाली. “मीनाताईंनी चहाचं आधण ठेवायचं तरी कुठं? दोन डिस्क कॅमेऱ्यांना द्या, दोन लेबलांना. एका शनिवारच्या सुट्टीत वेगळं करून देते.”

“म्हणजे वेग निम्मा करू? शनिवारीच तर मी स्वतः तपासलं. एवढी मोठी फाइल, डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झाली.”

“शनिवारी कारखान्यात दुसरं कोणी होतं का, सर?”

“कोण असणार? म्हणून तर शांतपणे तपासता आलं.”

निकिताने टेबलावरचा फोन उचलला, खाली लावला आणि स्पीकर चालू केला.

“मीनाताई, लेबल येतंय का?”

“नाय हो म्याडम. ते गोल नुसतं फिरतंय. दहा मिनटं झाली, ड्रायव्हर डोकं खातोय माझं.”

“सर, आता पडद्यावरचं रेकॉर्डिंग बंद करा. फक्त दोन मिनिटं.”

शेठनी कुरकुरत रिमोट दाबला. पडदा काळा झाला. फोनमधून आधी प्रिंटरचा आवाज आला, मग मीनाचा.

“आलं, आलं! लय भराभर निघतायत, म्याडम.”

खाली मीना उठली, सपासप लेबलं चिकटवू लागली. खोकी ट्रकमध्ये चढू लागली. निकिताला इतका आनंद झाला की तो लपवायचंही तिला सुचलं नाही.

“आता परत लावा, सर.”

शेठनी लावलं. सोळा चौकटी उजळल्या. थोड्या वेळाने प्रिंटर अडखळला आणि थांबला. त्यांनी स्वतःहून पुन्हा बंद केलं. तो सुरू झाला. आणखी एकदा करून पाहिलं. मग ते काचेपाशी जाऊन खाली मीनाकडे बघू लागले.

“आलं लक्षात,” शेठ हळूच म्हणाले.

“हो ना, सर?”

“काचेतून मी दिसतो तिला. मी पडद्याकडे वळलो की ही बसते, पडदा बंद करून इकडे वळलो की उठते. पक्की आहे बाई!”

निकिताने फोन ठेवून दिला.

“मेमोवर आज सही करत नाही,” शेठ म्हणाले. “आठवडाभराचा पुरावा जमू दे आधी. उद्या तिच्या टेबलाच्या बरोबर वर एक कॅमेरा लाव. चांगला, बारीकसारीक दिसेल असा. दिवसभर चालू राहिला पाहिजे.”

“आणि त्याचं रेकॉर्डिंग कुठं ठेवू, सर?” निकिताने विचारलं.

“कुठं म्हणजे? तिथंच ठेव. जागा आहे की भरपूर.”

त्यांनी रिमोट उचलून पडदा पुन्हा लावला. खाली अर्धा भरलेला ट्रक होता, आणि लेबलासाठी पुढे केलेला मीनाचा हात तसाच प्रिंटरपाशी थांबला.