कानाची गादी

परीक्षकांनी सशाच्या कानाचं मूळ अंगठा आणि तर्जनीत धरलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. सकाळपासून ते पहिल्यांदाच हसले.

"गादी म्हणावी तर ही," ते म्हणाले. "लिहा, वीसपैकी वीस."

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या शिंपीणकाकूंना काय करावं सुचेना. त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईचाच हात घट्ट धरला.

लोंबत्या कानांच्या सशांच्या मंडळात सगळा कारभार कानांवर चालतो. कान लांब हवेत, गालाला चिकटून सरळ खाली पडलेले हवेत, आणि डोक्याला जुळतात तिथे बोटांना जाड, भरीव लागले पाहिजेत. त्या जाडीला गादी म्हणतात आणि सगळ्यांत जास्त गुण तिलाच. कानांची ठेवण बिघडू नये म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांच्या आधी त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा मंडळाचा नियम. दाराशी बसलेली डॉक्टर त्यामुळे सकाळपासून सशांची नाकं, नखं आणि शेपटीखालची जागा तपासत होती. ती परीक्षकांची मुलगी. वडिलांनीच लिहिलेला नियम भर सभागृहात मोडायची तिची छाती झाली नव्हती.

शेवटच्या फेरीतल्या सहा पिंजऱ्यांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या लागल्या. काकूंचा लाडोबा पहिला. फोटोसाठी त्याला चषकाशेजारी बसवलं तेव्हा त्याची मान डावीकडे कलली. "बघा, पोज देतोय," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मान कलतच गेली. मग ससा त्याच बाजूला कोलमडला आणि टेबलावर गरागरा लोळू लागला. चषक खाली पडला.

काकू किंचाळल्या. डॉक्टर धावत आली. तिने सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं, त्याचा डावा कान उचलला आणि आत बॅटरीचा उजेड टाकला.

"आता लावला हात तरी चालेल ना?" तिने वडिलांकडे न बघता विचारलं.

तिने कानाचं मूळ हलकेच दाबलं. त्याच जागी, जिथे मघाशी परीक्षकांचा अंगठा होता. कानाच्या भोकातून ट्यूब पिळावी तसा पांढरा, घट्ट पू वर आला. वास टेबलाभोवती पसरला तसे लोक एकेक पाऊल मागे सरकले. काकू तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"कान असा पडला की आतली नळी दुमडते," डॉक्टर म्हणाली. "मळ बाहेर येत नाही, तिथेच कुजतो. मग पू कातडीखाली साचतो. बाहेरून हात लावला की छान भरीव लागतं. मान कलली म्हणजे आता तो आतल्या कानापर्यंत गेलाय."

"अहो पण त्याने कधी हूं की चूं केलं नाही!" काकू म्हणाल्या. "मांडीवर घेऊन मी रोज अर्धा तास त्याचे कान चोळते. अगदी गप्प पडून राहतो. मला वाटायचं, आवडतंय त्याला."

"ससा दुखलं की गप्पच होतो, काकू."

काकूंनी आपले हात पाहिले आणि मागे लपवले. मग विचारलं, "वाचेल ना?"

"आजच ऑपरेशन करते. खोटं कशाला सांगू, आशा कमी आहे."

"आणि त्याची पिल्लं? अकरा जणांना दिलीत हो मी. परवाच एकाचा फोन आला होता, गादी बापावर गेलीय म्हणून. मी पेढे वाटायचीच बाकी होते."

परीक्षक घसा खाकरून म्हणाले, "एखादा जातिवंत असा निघतो दुर्दैवाने. त्यासाठी सगळ्यांना घाबरवायचं कारण नाही." आवाज नेहमीचाच भारदस्त होता, फक्त अंगठा ते विजारीला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरने लाडोबाला काकूंच्या हातात दिलं. "डोकं असं आधाराला धरा. पाचच मिनिटं." आणि ती दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळली. या वेळी तिने कोणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या क्रमांकाच्या सशाचे दोन्ही कान पुवाने भरलेले होते. तिसऱ्याचा एक. त्याचा मालक "सकाळी तर ठणठणीत होता" असं पुटपुटत राहिला. चौथ्याच्या कानातून काळपट मळ निघाला, पाचव्याच्या कानात नुसती लाली होती. सहाव्याला मघाशी परीक्षकांनी फार वेळ दिला नव्हता. पातळ कान, त्यातला एक बेशिस्तपणे वर उचललेला, गादीला वीसपैकी तीन. त्याचा कान आतून स्वच्छ गुलाबी होता. तिने तो दाबला तसा ससा चवताळून वळला आणि तिच्या बोटाला कडकडून चावला.

बोटातून रक्त आलं. ते दाबून धरत ती वडिलांपाशी येऊन उभी राहिली. तिला त्यांचा राग आला होता, आणि तितकीच त्यांची दयाही येत होती.

"चुकला नाहीत तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "क्रम अगदी बरोबर लावलाय."