कीर्तनाआधीच्या सूचना

धायरीच्या देवळात आम्ही गावाच्या आठवणी कॉम्प्युटरवर साठवत होतो. सोजरबाईंनी दिलेली त्र्याण्णवच्या सप्ताहातल्या कीर्तनाची कॅसेट आयटीतल्या वैष्णवीनं लॅपटॉपवर उतरवून ऐकवली. अभंग सुरू होताच मी ताल धरला. सोजरबाई मात्र हिरमुसल्या. “आमच्या मालकांचा आवाज कुठं हाय? कीर्तनाआधी सूचना तेच द्यायचे. दुसरीकडं कुठंच न्हाई त्यांचा आवाज.” वैष्णवी ओशाळली. “आजी, सूचना कोण ऐकणार म्हणून मी तेवढ्या कापल्या. पण कॅसेटवर असतील.” घाईघाईनं तिनं कॅसेट टेपमध्ये घातली. खरखर झाली, मग सोजरबाईंच्या मालकांचा, दत्तोबांचा, खणखणीत आवाज आला: “माउली, उद्याची पंगत चिंचेच्या मळ्यात. स्वयंपाक आमच्या सोजराच्या हातचा हाय, भूक ठेवून या.” देऊळ हसलं. नवऱ्याच्या तोंडून जन्मभर ‘अगं ए’च ऐकलेल्या सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. “मी तवा चुलीपाशी होते,” त्या म्हणाल्या. “घरी येऊन ह्यातलं काय बोलले न्हाईत बघा.”