ऐकत बसलेलं मशीन

आईच्या पलंगाशी ऑक्सिजनचं नवं मशीन लावून झालं, तेव्हा तिचा इंजिनिअर मुलगा स्वतःवरच इतका खूश होता, की कोणी शाबास म्हणेपर्यंत त्याला खाली बसवेना. ताई आईच्या नाकाशी नळी नीट बसवत होती. तिने काही शाबास म्हटलं नाही.

"आतल्या चिपमध्ये मी बूटलोडर टाकलाय," शेवटी तोच म्हणाला. "आता प्रोग्राम बदलायला मशीन उघडायला नको. बाहेरून सीरियल वायर जोडायची, की नवा प्रोग्राम आत. मशीन चालू झालं की बूटलोडर दोन क्षण कान देऊन ऐकतो. वायरवर कोणी बोललं तर नवा प्रोग्राम घ्यायला थांबतो. नाही बोललं तर नेहमीचं काम सुरू."

"आणि भलतंच कोणी बोललं तर?"

"त्या वायरवर बोलायला आहे कोण, ताई?"

आई हसली. पोराची हुशारी तिच्या डोक्यावरून गेली होती, पण श्वास मिळत होता. तिला तेवढं पुरे होतं.

इतक्यात वीज गेली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत आली. पंखा फिरू लागला. मशीन मात्र गप्प. त्याच्यावरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता.

ही लुकलुक इंजिनिअरनेच ठरवली होती. तिचा अर्थ, ऐकतोय, नवा प्रोग्राम पाठवा.

त्याने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा तसाच. पुन्हा केलं. तसाच. आईचे ओठ काळसर पडू लागले. ताईने तिला उठवून बसवलं आणि पाठ चोळत म्हणाली, "कर ना काहीतरी." तिने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"सेन्सर," तो पुटपुटला. "सेन्सर बोलतोय. हा त्याचंच ऐकत बसलाय."

ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आतून त्याच वायरवर आकडे पाठवायचा. गार असला की तापायला वेळ घ्यायचा, तोवर बूटलोडर ऐकून मोकळा झालेला असायचा. त्याच्या कारखान्यात तपासताना सगळी मशीनं गारच असायची, म्हणून सगळी पास. पण वीज क्षणभरच गेली, की तापलेला सेन्सर ती आल्या आल्या बडबड सुरू करणार. आणि न कळणाऱ्या बडबडीला कंटाळून उठून जायचं, हे बूटलोडरला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम इंजिनिअरचं होतं.

कधी उघडावं न लागणारं ते मशीन त्याने स्क्रू काढून उघडलं, सेन्सरची वायर उपटली आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं. आईच्या छातीचा भाता हळूहळू ताळ्यावर आला.

"तुझ्यावरच गेलंय," ती धाप टाकत म्हणाली. "आपलं काम सोडून दुसऱ्याच्या गप्पा ऐकत बसतं."

तो हसणार होता. तेवढ्यात ताईने विचारलं, "अशी अजून कुठे आहेत?"

सकाळीच कारखान्यातून टेम्पोभर मशीनं दवाखान्यात गेली होती. त्याने वॉर्डात फोन लावला.

"तुमचं मशीन ना? छान चाललंय की," नर्स म्हणाली. तिच्या मागून मशीनची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. "आजोबांना आत्ता कुठे डोळा लागलाय. फक्त इथला प्लग सैल आहे, तेवढा पलीकडच्या भिंतीला लावते. धरा हं एक मिनिट."

"काढू नका. अहो ऐका, प्लग काढू नका."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला लांब गेल्या. तो ओरडत राहिला, आई आणि ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मग फोनमधली घरघर थांबली. तो कान देऊन ऐकत राहिला.